अस्नाकेचचा चिमटा

अस्नाकेचच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात क्रुसाशेजारी एक लोखंडी चिमटा असे. खुपऱ्यांच्या रोगाने पापणी आत वळली की केस बुबुळावर घासतात, वाळू गेल्यासारखं खुपतं. शिंब्रामेदा गावातल्या बायका मग तिच्याकडे येत. डोकं मांडीवर घेऊन ती एकेक केस उपटी आणि गुडघ्यावरच्या फडक्याला पुसे. तीस वर्षं हेच चाललं होतं. तिच्या हाताला विलक्षण हलकेपणा होता.

खुपऱ्यांचे रुग्ण मोजणारे येणार होते त्या सकाळी अठरा बायका अंगणात बसल्या होत्या.

"पाहुण्यांसमोर गळके डोळे घेऊन उभं राहायचं का?" तिची भावजय तिरुये म्हणाली. तिचा डावा डोळा केव्हाच पांढरा पडला होता. उजव्यावरही साय धरू लागली होती. अस्नाकेचने सगळ्यांचे केस उपटले, तिरुयेचे सर्वांत आधी.

दुपारी तपासणारी नर्स हिवोत आणि तालुक्याचे आरोग्य अधिकारी देमिसे साहेब आले. हिवोत पापणी बघे आणि म्हणे, "नाही." साहेब कागदावर रेघ मारत. अठरा वेळा 'नाही'.

"छान," कॉफीचा पहिला पेला घेत साहेब म्हणाले. "इथल्या खुपऱ्या संपल्या. पापण्यांच्या शस्त्रक्रियेची गाडी आता दुसरीकडे पाठवू."

अस्नाकेचच्या हातातली किटली थबकली. तिरुयेसाठी त्या गाडीची ती दोन वर्षं वाट पाहत होती.

"साहेब, केस मी सकाळीच उपटलेत."

"आजी, जे दिसतं ते मी मोजतो."

"उपटलेलेही धरायचे असतात," हिवोत खाली बघत म्हणाली. "प्रत्येकीला विचारायचं असतं. तुम्ही म्हणालात, वेळ नाही."

"तालुका रोगमुक्त झाल्याचा फलक रंगवून झालाय, बाई." साहेबांनी सुगंधी कागदाने बोटं पुसली. बायकांना त्यांनी हातही लावला नव्हता, तरी पुसली. शेजारी एका पोराच्या डोळ्याच्या कोपऱ्यात माशा बसल्या होत्या. "माशाही कमी झाल्यात," ते म्हणाले.

अस्नाकेचने आत जाऊन सकाळचं फडकं आणलं आणि लाह्यांच्या ताटलीशेजारी पसरलं. पिवळसर घाणीत चिकटलेले आखूड काळे केस. साहेबांनी पेला झटकन मागे घेतला.

"किळस आली ना? मग हे त्यांच्या डोळ्यांत असतं तेव्हा कसं वाटत असेल?"

हिवोतने भिंग पुन्हा कपाळावर बांधलं. "तिरुयेताई, तुम्ही आधी या." बॅटरीच्या उजेडात पापणीच्या कडेवर खुंट दिसले. संध्याकाळपर्यंत, खुंट सापडले त्या अठरापैकी चौदा जणी मोजल्या गेल्या. साहेबांनी तोंड वाकडं करून सही केली आणि गाडीत जाऊन बसले. आशीर्वादाचा तिसरा पेला न घेता आमच्याकडे कोणी उठत नाही. ते पहिल्यावरच उठले होते. हिवोतने मात्र तिन्ही पेले घेतले.

साहेबांचा पेला अस्नाकेचने राखेने तीनदा घासला. मग तीच राख चिमट्यालाही लावली. सकाळी त्यानेच रोग लपवला होता; आज त्याचीही तिला शिसारी आली होती.

दोन महिन्यांनी शस्त्रक्रियेची गाडी आली. तिरुयेचा उजवा डोळा वाचला. डाव्याला मात्र उशीर झाला होता. तालुक्याच्या वेशीवर तो रोगमुक्तीचा फलक लागला तो लागलाच, अजून तसाच उभा आहे. बाजाराला जाताना अस्नाकेच त्याच्या पायथ्याशी न चुकता थुंकते.