टेंभी नाक्यामागची गोडी माती

टेंभी नाक्यामागचं घर सोडून दिवा स्टेशनजवळ राहायला निघालो, त्या दिवशी टेम्पो गल्लीत शिरेना, म्हणून कपाट, पलंग सगळं हातानं नाक्यापर्यंत नेलं. मी सामानाला हात लावला नाही. अंगणात बसून पिशवीत माती भरली. मुलगा म्हणाला, "अप्पा, दिव्याला माती नाय काय?" म्हटलं, "असेल. आपली नसेल."

गल्लीतल्यांनो, कोणी बदलापूरला गेलात, कोणी परदेशात. तुमच्या नातवंडांना ठाऊक नसेल म्हणून लिहितो. मी चौथी शिकलेलो, चुका काढू नका. आमचा आजा मिठागरावर मजूर. तिथल्या खाऱ्या मातीत गवतही उगवत नाही. त्यानं बाळकुमच्या शेतातून डोक्यावर टोपल्या आणून अंगण भरलं. प्रत्येक टोपलीतली चिमूट जिभेला लावून बघायचा, गोडी आहे ना. बा सांगायचा, "पोट मिठावर भरतं रे, पण देवीचा घट गोड्या मातीतच रुजतो." नवरात्रात नाक्यावर मांडव, आणि घरात या मातीत पेरलेलं धान्य.

दिव्याला गेल्यावरही दर वर्षी जुन्या अंगणातूनच माती आणायचो. घराच्या जागी टॉवर उभा राहिला तरी अंगणाचा कोपरा उघडा होता. दसरा झाला की सुनेला हुकूम, माती खाडीत सोड.

यंदा गेलो तर कोपऱ्यावरही पेव्हर ब्लॉक. वॉचमन म्हणाला, "काका, किसके पास जाना है?" कोणाचं नाव सांगू? पिशवीची घडी करून खिशात घातली. रडू आलं नाही, रागही नाही. टपरीवर चहा घेतला, तो गोड होता का फिका, आठवत नाही.

घरी सुनेनं बाजारातली माती आणलेली. मी म्हटलं, "ही नको. यंदा घट बसणार नाही." आज्यापासून चाललेलं माझ्या हातून बंद पडत होतं.

सुनेनं ग्रिलमधला तुळशीचा डबा पुढे ओढला. "रागवू नका अप्पा. मी खाडीत कधी सोडलीच नाही. पाण्याच्या टँकरची लाइन सोडून खाडीवर कोण जाणार? दर वर्षीची यातच टाकली."

म्हणजे एवढी वर्षं माझा शब्द मोडला. बोलणार होतो. आधी चिमूट उकरून जिभेला लावली.

कोणी विचारलं तर मी घर अजून टेंभी नाक्यालाच सांगतो. सांगत राहणार. सुनेपुढे घटाची परात सरकवली आणि म्हटलं, "हळू काढ. तुळशीच्या मुळांना लागेल."