फाटकावरचा कागद

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी सव्वानऊ वाजता बावतीस तुस्कानो कतारमधल्या दोह्यात बलदियाच्या, म्हणजे पालिकेच्या, काउंटरवर गेले आणि एक फाटलेली नोटीस पुढे ठेवून म्हणाले, ‘ही मी काढली.’ त्याच आठवड्यातल्या बुधवारचे त्यांचे मुंबईचे तिकीट होते, एकेरी. नोटीस त्यांनी काढलेली नव्हती.

नाव बदलले आहे. गाव बदललेले नाही. वसईजवळचे गिरीज. वय एकसष्ट. एका कंत्राटदार कंपनीत ते एकतीस वर्षे मंदूब होते. मंदूब म्हणजे कंपनीचा सरकारी कामांचा माणूस. व्हिसा, परवाना, शिक्का, रांग यांत त्याचा दिवस जातो. अरबी ते एका टायपिंग सेंटरमधल्या सुदानी माणसाकडून शिकले, फॉर्म भरता भरता. बोलताना अडखळत, वाचताना नाही.

वाचण्याची त्यांची एक रीत होती. कागद हाती आला की ते खालून सुरुवात करत. आधी सही, मग शिक्का, मग तारीख. मजकूर सगळ्यात शेवटी. ‘मजकूर घाबरवतो,’ ते म्हणत. ‘तारीख वेळ देते. आधी आपल्याकडे वेळ किती आहे ते बघावं, मग घाबरावं.’

शुक्रवारी दोह्याच्या अबू हमूर भागातल्या चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थना, संपली की बाहेरच्या पार्किंगमध्ये लोक त्यांच्याभोवती जमत. वसईचे असत, तसे पुण्या-नाशिकचेही. मिस्सेशी ज्यांचा काही संबंध नाही असे इंजिनियर गाडीत एसी लावून त्यांची वाट बघत बसत. एखाद्याने मोबाइल पुढे केला की ते मान हलवत. ‘फोटो नको रे. कागद आण. फोटोत शिक्क्याची शाई दिसत नाही.’ मग गाडीच्या बॉनेटवर कागद पसरून चष्मा कपाळावर सरकवत आणि खालच्या ओळीवर बोट ठेवत. अर्ध्या लोकांची भीती तिथेच उतरे. उरलेल्यांना ते वकिलाचे नाव देत.

हे कुठून आले, ते त्यांनी मला एकदाच सांगितले. त्यांचे वडील वसईच्या मामलेदार कचेरीत शिपाई होते, इंग्रज साहेबाच्या राज्याच्या शेवटच्या वर्षांत. खळीचा डबा आणि कागदांची गुंडाळी घेऊन गावोगाव जायचे आणि नोटिसा डकवायच्या, एवढेच काम. लढाईचे दिवस होते. भात सरकारात जमा करण्याच्या नोटिसा असत, जमीन ताब्यात घेण्याच्या असत. वडिलांना अक्षर येत नव्हते. एकदा त्यांनी सख्ख्या मेहुण्याच्या दारावर जप्तीची नोटीस डकवली आणि त्याच्याच ओटीवर बसून ताक पिऊन आले. काय डकवले ते तिसऱ्या दिवशी बायकोच्या रडण्यावरून कळले. ‘बापाने जन्मभर न वाचता डकवलं,’ बावतीसकाका म्हणाले, ‘म्हणून मी न डकवता वाचतो.’ ते हसले नाहीत.

आम्ही अबू हमूरमध्ये एका व्हिलात राहत होतो. बाहेरून एक घर, आत प्लायवूडच्या भिंती घालून नऊ कुटुंबे. इथे याला पार्टिशनचे घर म्हणतात. अशा भिंतींना परवानगी नसते, हे घरमालकाला माहीत होते, त्याच्या एजंटाला माहीत होते आणि आम्हालाही. मी तेव्हा एका इंग्रजी दैनिकात उपसंपादक होतो. पार्टिशनच्या घरांवरील कारवाईच्या बातम्या माझ्याच टेबलावरून जात. बलदियाने लावलेली नोटीस काढणे हा गुन्हा आहे, हे वाक्य मी स्वतः निदान दोनदा छापले होते.

गुरुवारी दुपारी चारच्या सुमारास आमच्या फाटकावर नोटीस लागली. अरबी मजकूर, खाली निळा शिक्का. लावणारे गाडीतून आले आणि गेले. कुणाशी बोलले नाहीत. पाच वाजेपर्यंत नऊही दारे आतून बंद झाली होती. मुलांना अंगणातून आत घेतले गेले. कुणीतरी वीज तोडणार असे म्हणाले, कुणी म्हणाले आजच बाहेर काढणार. वाचता कुणालाच आले नव्हते.

माझ्या पत्नीचे, वैशालीचे, हळदीकुंकू दुसऱ्या दिवशी होते. बावीस बायका येणार होत्या.

‘फाटकावर सरकारी कागद आणि आत तिळगूळ?’ ती म्हणाली. ‘लुसैलच्या टॉवरमधल्या बायका येणारेत. त्यांना आपण काय सांगितलंय माहितीये ना? व्हिलात राहतो म्हणून.’

मी कागद काढला. सव्वापाच वाजले होते, उजेड संपत आला होता. वरचे दोन कोपरे फाटून फाटकालाच राहिले. मी तो वर्तमानपत्रात गुंडाळला आणि दोन गल्ल्या चालत बावतीसकाकांच्या खोलीवर गेलो. खोलीत दोन बॅगा भरून तयार होत्या. भिंतीवरचा क्रूसही उतरवून त्यांनी बनियनमध्ये गुंडाळला होता. ते पोचल्यानंतरच्या सोमवारी मुंबईत त्यांच्या पत्नीचे, मार्थाबाईंचे, हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन ठरले होते. त्यांनी दोनदा तारीख पुढे ढकलली होती. नवरा आल्याशिवाय टेबलावर झोपणार नाही, हे त्यांचे म्हणणे.

काकांनी कागद उलगडला. सही, शिक्का, तारीख. मग त्यांचे बोट वरच्या फाटलेल्या कडेवर गेले आणि तिथेच थांबले.

‘ही कुठून आणलीस?’

‘फाटकावरनं.’

‘काढून?’

‘तुम्हीच म्हणता ना, फोटो नको, कागद आणा.’

ते खुर्चीवर बसले. ‘अरे, हातात दिलेला कागद रे. पत्र. भिंतीवरचा नव्हे.’ मजकूर त्यांनी सांगितला तो असा: सात दिवसांत भिंती काढाव्यात, घर मोकळे करावे. नोटीस काढल्यास किंवा खराब केल्यास वेगळी कारवाई. ‘सात दिवस होते तुमच्याकडे,’ ते म्हणाले. ‘सात दिवस म्हणजे पुष्कळ. घाबरायचं काही नव्हतं यात.’

‘परत लावू?’

‘फाटलेला? तो आपणच लिहून दिलेला जबाब होईल. आणि समोरच्या घराला कॅमेरा आहे.’

तो कॅमेरा मी रोज बघत होतो. त्या क्षणापर्यंत तो माझ्या ध्यानात आलेला नव्हता.

शुक्रवार-शनिवार कचेऱ्या बंद. ते दोन दिवस आम्ही कसे काढले, यात नोंद ठेवण्यासारखे फारसे काही नाही. हळदीकुंकू झाले. वैशालीने फोन करून सगळ्यांना गाड्या मॉलच्या पार्किंगमध्ये लावायला सांगितल्या, चपला आत घ्यायला लावल्या, पडदे ओढले. ‘काय गं वैशाली,’ एकीने विचारले, ‘हळदीकुंकू आहे का स्मगलिंग?’ सगळ्या हसल्या. वैशालीही हसली आणि तिच्या हातातली कुंकवाची कोयरी सांडली. गल्लीत गाडीचा दरवाजा वाजला की मी खिडकीशी जाई. शनिवारी दुपारी एक पांढरी गाडी समोरच्या घरापाशी वीस मिनिटे थांबली. आतून कुणी उतरले नाही. मग ती गेली.

शनिवारी संध्याकाळी बावतीसकाका आमच्याकडे आले. चहा घेतला नाही.

‘उद्या मी जाऊन देतो,’ ते म्हणाले. ‘माझं नाव सांगतो.’

‘तुमचं का?’

‘तुझी केस झाली तर पेपरवाला तुला ठेवेल? नोकरी गेली की व्हिसा गेला. पोरीची दहावी आहे.’ त्यांनी आमच्या मुलीकडे, अन्वीकडे, पाहिले. ती पुस्तकावर डोके ठेवून बसली होती. ‘मी तर चाललोच आहे. माझी आयडी रद्दच व्हायचीय. म्हातारा आहे, वाचायला काढली, चूक झाली, सॉरी. माणूस समोर आला की कॅमेरा कोण बघतो? लिहून घेतील, ओरडतील, खलास. एकतीस वर्षं बघतोय मी त्या काउंटरला.’

वैशाली म्हणाली, ‘काका, नको. मार्थाकाकी वाट बघतायत.’

‘बाय, बुधवारी मी विमानात आहे. बघ तू.’

सकाळी किती वाजता निघायचे, एवढेच मी विचारले.

रविवारी मी त्यांना गाडीने सोडले आणि बाहेर थांबलो. पस्तीस मिनिटांत ते परत आले. काउंटरवरचा तरुण नम्र होता, असे ते म्हणाले. त्याने त्यांना काका म्हटले, पाणी दिले, आयडी स्कॅन केली, एका कागदावर सही घेतली. गाडीत बसल्यावर मात्र ते बराच वेळ सीटबेल्ट लावायचे विसरले.

‘ओरडला नाही,’ ते म्हणाले. ‘पूर्वी ओरडायचे.’

‘मग चांगलंच आहे ना?’

‘ओरडणारा माणूस नंतर सोडतो रे. हा ओरडला नाही. स्क्रीनकडे बघून नुसतं टाइप करत होता.’

बुधवारी विमान संध्याकाळचे होते. मी त्यांना विमानतळावर उतरवले आणि परत निघालो. अबू हमूरच्या अलीकडच्या सिग्नलला फोन वाजला.

‘गाडी वळव,’ ते म्हणाले.

पासपोर्टच्या खिडकीवर त्यांना सांगण्यात आले की त्यांच्या नावावर प्रकरण नोंद आहे आणि निकाल लागेपर्यंत देश सोडता येणार नाही. बॅगा विमानातून उतरवून परत मिळायला दोन तास लागले. त्या वेळात ते एका बाकावर, हात मांडीवर ठेवून बसले होते. मला पाहून उठले आणि म्हणाले, ‘मार्थाला अजून सांगितलं नाही. विमान लेट आहे म्हणालो.’

त्यांची खोली दुसऱ्याला दिली गेली होती. आम्हीही सात दिवसांची मुदत संपण्याआधी ते घर सोडले आणि दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. बाकी आठ कुटुंबेही वेळेत निघाली. कुणाची वीज तुटली नाही, कुणावर दुसरी कारवाई झाली नाही. बावतीसकाका आमच्या बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपू लागले. कंपनीने त्यांच्या व्हिसाची मुदत वाढवून दिली. दर दोन-तीन दिवसांनी ते एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत जात. फाइल इथे नाही, तिथे आहे. तिथे होती, पुढे गेली. इन्शाल्ला, पुढच्या आठवड्यात. हीच वाक्ये त्यांनी एकतीस वर्षे इतरांना समजावून सांगितली होती. आता ती ऐकून आल्यावर ते हात धूत आणि अन्वीला इतिहासाच्या सनावळ्या विचारत. उत्तर ती इंग्रजीत देई. ते मराठीत ‘बरोबर’ म्हणत.

मार्थाबाईंचा फोन रोज सकाळी सातला येई. ऑपरेशनची तारीख तिसऱ्यांदा पुढे गेली. डॉक्टरांनी आता थांबू नका असे सांगितल्याचे त्यांच्या भावाने कळवले. त्या ऐकेनात. फोन स्पीकरवर असे, कारण काकांना उजव्या कानाने कमी ऐकू येई, त्यामुळे सगळे आमच्याही कानावर पडे.

‘तू निघालास की मी अॅडमिट होते,’ त्या म्हणत.

‘अगं, तू हो. मी येतोच.’

‘तू येतोस असं तीन वेळा म्हणालास. काय केलंस तू तिथे? खरं सांग.’

‘नोटीस काढली.’

‘तू? तू कधी दुसऱ्याच्या भिंतीला हात लावलास?’

यावर ते गोळ्या घेतल्या का, असे विचारत. वैशाली उठून स्वयंपाकघरात जाई.

फेब्रुवारीच्या अखेरीस एका दुपारी ती मला म्हणाली, ‘तुम्ही जाऊन खरं सांगा. आजच.’

‘बोर्ड होऊ दे,’ मी म्हणालो.

‘आणि तिकडे काकींना काही झालं तर?’

‘पंधरा दिवसांचा प्रश्न आहे.’

हे संभाषण झाले तेव्हा बावतीसकाका बाहेरच्या खोलीत होते. दार उघडे होते. संध्याकाळी त्यांनी मला गॅलरीत बोलावले. खाली रस्त्यावर गाड्यांची रांग लागली होती. ‘दोघांनी एकच गोष्ट कबूल केली,’ ते म्हणाले, ‘तर दोघांनाही खोटं धरतात. माझा जबाब खोटा ठरला तर मी आणखी अडकेन. तू जाऊ नकोस.’ हे कायद्याने खरे होते की नाही, ते मी तपासले नाही. माझे काम तपासण्याचे होते. कार्यालयात वकिलाचा नंबर होता.

मार्थाबाई मार्चमध्ये एका बुधवारी पहाटे गिरीजला, राहत्या घरी वारल्या. त्या दिवशी अन्वीचा गणिताचा पेपर होता. पेपर संपेपर्यंत तिला सांगायचे नाही, असे बावतीसकाकांनी ठरवले. तिला शाळेत सोडायलाही ते माझ्याबरोबर गाडीत आले. फाटकापाशी त्यांनी तिच्या कपाळावर अंगठ्याने क्रूसाची खूण केली आणि म्हणाले, ‘घाबरू नकोस. आधी सगळा पेपर वाच.’ दुपारी त्यांनी मला चर्चपाशी घेऊन जायला सांगितले. गिरीजला दफन दुपारी चारला होते. ते दोह्याच्या वेळेप्रमाणे दीड ते तीन आत बसून होते. मी गाडीत बसून होतो.

प्रकरणाचा निकाल त्यानंतर अकरा दिवसांनी लागला. वय आणि स्वतःहून दिलेली कबुली लक्षात घेऊन ताकीद देण्यात आली आणि प्रवासावरची बंदी उठली. निकालाचा कागद ते घरी घेऊन आले. मी वाचून दाखवा म्हटले. त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला. ‘काही नाही त्यात,’ ते म्हणाले.

विमानतळावर या वेळी मी आतपर्यंत गेलो. त्यांनी माझा हात हातात घेतला.

‘तुला कुणी काही विचारलं?’

‘नाही.’

‘मग आता विचारणार नाहीत. पोरीला सांग, रिझल्टचा फोन कर म्हणावं.’

पासपोर्टच्या खिडकीवर त्यांना एक मिनिटही लागले नाही. पलीकडे गेल्यावर त्यांनी मागे वळून पाहिले नाही. विमान दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी सुटले. त्या प्रकरणात माझा जबाब आजपर्यंत नोंदवला गेलेला नाही.