एकशे सातची हाक

दुपारच्या डुलकीला रात्रीच्या झोपेचा मान नसतो. ती चोरूनच घ्यावी लागते, आणि चोरीच्या मालाबरोबर आणखी काय हाताला लागेल याची खात्री कुणी देत नाही. शुक्रवारची दुपार आहे. वैजयंती कुंभार जेवणाचा डबा धुऊन आली आहे आणि दूध संघाच्या मशीन रूममध्ये, एसीच्या गार झोतात, पदर अंगाभोवती घट्ट ओढून बसली आहे. समोर जुन्या युनिक्स कॉम्प्युटरचं मशीन घूं घूं करतंय. तिला झोपायचं नाही. पापण्यांना मात्र तिचं ऐकायचं नाही.

संध्याकाळी पाच वाजता हे मशीन कायमचं बंद व्हायचं आहे. आठ महिने तिने ते टाळलं. जगदाळे साहेबांनी विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं, "साहेब, अजून वर्दळ आहे त्याच्यावर." आज सकाळी मात्र साहेबांचा पारा चढला. "वर्दळ आहे, वर्दळ आहे! कुणाची आहे ते तरी सांगा की मॅडम. पाचपर्यंत नाव द्या, नाहीतर मी स्वतः बटण दाबतो."

नाव शोधणं अवघड नव्हतं. या मशीनवर लिसनर नावाचा एक प्रोग्रॅम चालतो. तिच्या आधी हे मशीन सांभाळणाऱ्या शेटे अण्णांनी तो बसवला, आणि वैजयंती नवीन होती तेव्हा त्यांनीच तिला समजावला होता. "हा दारावरचा माणूस," ते म्हणाले होते. "स्वतः काही करत नाही. नुसतं ऐकत बसतो. गावातल्या संकलन केंद्रातून हाक आली, नंबर सांगितला, की वहीत बघतो, हे काम कुणाचं. आणि त्याला उठवतो." एकशे सात हा नंबर जनावरांच्या डॉक्टरांच्या गाडीचा. कुठल्या गावात म्हैस अडली, गाय बसली, की त्या केंद्रातून एकशे सातला हाक यायची. त्या नंबरापुढे, कुणाला उठवायचं या रकान्यात, अण्णांनी स्वतःचंच नाव घातलं होतं. शेटे. ते नाव अजून तिथेच आहे. अण्णांना जाऊन तीन वर्षं झाली.

गावं कधीचीच मोबाइलवरून डॉक्टर बोलावतात. तरीही लिसनर दाखवतो, एकशे सातला शेवटची हाक, तीन मिनिटांपूर्वी. रोज कधीही बघा, चार मिनिटांपूर्वी, दोन मिनिटांपूर्वी. हाक कुणाची, हे वैजयंतीने कधी बघितलं नाही. तसं म्हणणंही खरं नाही. तिने बघायचं टाळलं. वर्दळ आहे एवढ्यावर तिचं भागत होतं, आणि अण्णांचं नाव जागेवर राहत होतं.

मशीनच्या पंख्याचा आवाज लांब जातो. पार गावाबाहेर जातो.

शेजारच्या स्टुलावर अण्णा बसलेले आहेत. ते कधी आले हे तिला विचारावंसं वाटत नाही. ते कधी गेले होते, तेच तिला आत्ता नीट आठवत नाहीये. अंगात पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, बाह्या मनगटापर्यंत बटण लावून बंद. फक्त डोळे तेवढे बघवत नाहीत. खूप दिवस जागलेल्या माणसाचे असतात तसे ते लाल आहेत, आणि मिटत नाहीत. बराच वेळ ती वाट बघते. एकदाही मिटत नाहीत.

"झोप येतीय व्हय गं वैजू?" अण्णा विचारतात.

"नाही अण्णा. असंच जरा."

"झोप. ज्याला मिळतीय त्यानं झोपावं. मला तर..."

आणि मध्येच त्यांची मान दाराकडे वळते. ते उठतात, दाराशी जातात, दार जरासं उघडून बाहेरच्या अंधाराला म्हणतात, "आहे." दार लावतात. परत येऊन बसतात.

"...डोळ्याला डोळा नाही बघ," ते बोलतात, वाक्य जिथे तुटलं होतं तिथून, मध्ये काही घडलंच नाही अशा आवाजात.

वैजयंती दाराकडे बघते. "कोण होतं?"

"हाक आली होती."

"कुणाची?"

आता अण्णा खाटेवर आहेत. मशीनच्या जागी सलाइनचा स्टँड आहे आणि घूं घूं तेवढी तीच आहे. हिरवा पडदा. फिनेलचा वास. हे हॉस्पिटल तिच्या ओळखीचं आहे. इथे अण्णा अकरा दिवस होते आणि अकराही दिवस ती आली होती. ऑफिसच्या वाटेवरच होतं ना. पडद्याशी उभी राहायची, खांद्यावरची पर्ससुद्धा काढायची नाही. "अण्णा, बरं आहे ना?" "आहे बाई, बरं आहे." "येते मग." बाराव्या दिवशी खाट रिकामी होती आणि नर्स चादर बदलत होती.

खाटेशेजारचं स्टूल अजून रिकामं आहे. तिला बसायचं आहे. पण पर्स इतकी जड झाली आहे की वाकताच येत नाही.

"अण्णा, तुम्ही झोपा ना. डोळे मिटा."

"मिटतो की. तेवढं एक..." मान वळते. सलाइनची नळी हाताला तशीच लटकत असताना ते उठतात, अनवाणी चालत वॉर्डच्या टोकाच्या दाराशी जातात. "आहे," त्यांचा आवाज येतो. परत येतात. त्यांच्या पावलांना चिखल लागलेला आहे. "...हाक संपू दे," ते वाक्य पुरं करतात.

"किती वेळा उठता असे?"

"दिवसाला दोनशे अठ्ठ्याऐंशी."

कुठलाही हिशोब करायच्या आधीच तिला तो आकडा ओळखीचा वाटतो.

"मी बघते कोण आहे ते," ती म्हणते. "वैताग आहे नुसता. सांगते त्यांना, डॉक्टर मोबाइलवर बोलवा म्हणून."

अण्णा तिच्याकडे बघतात. आयुष्यभर त्यांनी तिला चुका दाखवल्या त्या याच नजरेने. "चल," ते म्हणतात.

वॉर्ड संपतो तिथे घाटाखालच्या गावातलं दूध संकलन केंद्र सुरू होतं. दिवेलागणीची वेळ. ओट्यावर दुधाचे कॅन ओळीने लावलेत, झाकणं उघडी, आणि माणूस एकही नाही. आजारी जनावरं कुठेतरी हंबरतायत, पण इतक्या बारीक आवाजात की ती भिंतीच्या आत असावीत. कॅनमध्ये दूध नाही. काळं पाणी आहे आणि त्यात दिव्याचं प्रतिबिंबही पडत नाही. अण्णा पुढे चालतात. ते कॅनच्या ओळीजवळून जातात तशी झाकणं मागून एकेक मिटत जातात. टोकाला तेच दार आहे.

दारावर टकटक होते.

"आता तू उघड," अण्णा म्हणतात.

ती उघडते. बाहेर वैजयंती उभी आहे.

तीन वर्षांपूर्वीची. खांद्याला पर्स. घाईत. "आहात ना?" बाहेरची वैजयंती विचारते. मागून अण्णा म्हणतात, "आहे." आणि तेवढा शब्द कानावर पडताच ती वळते आणि निघून जाते. पुढे काही विचारत नाही. मागे बघत नाही. तिला जिथे जायचं आहे तिथे काही नाहीये, फक्त पाच मिनिटांनी तिला पुन्हा इथे यायचं आहे.

आणि मग वैजयंतीला आठवतं. अण्णा हॉस्पिटलात गेले त्याच दिवशी तिने ती लिहिली होती, आपोआप चालणारी पंधरा-वीस ओळींची तपासणी. एकशे सात अधूनमधून अडकायचा आणि सोडवता फक्त अण्णांना यायचा. म्हणून दर पाच मिनिटांनी तिची तपासणी लिसनरला हाक मारणार, एकशे सात सांगणार, "आहे" असं उत्तर आलं की लगेच फोन ठेवणार. उत्तर आलं नाही तरच तिच्या मोबाइलवर निरोप. निरोप कधी आला नाही, म्हणून ती विसरून गेली. तीन वर्षं त्या नंबरवर दुसरं कुणी नव्हतंच. चालू आहे का हे विचारणारी तीच, आणि कुणीतरी विचारतंय म्हणून बंद करू नका असं साहेबांना सांगणारीही तीच.

"अण्णा," तिला रडू फुटतं, "मी तुम्हाला..."

"बस आधी," ते म्हणतात.

ओट्यावर ती बसते. पर्स कुठे गेली ते कळत नाही. अण्णा शेजारी टेकतात. त्यांच्या अंगाचा गारवा तिला पदरातून जाणवतो, आणि तरीही तिला सरकून बसावंसं वाटत नाही.

"मी एकशे सात बंद करते. आजच. तुमचं नाव काढते."

"मला काय बंद करतीस? मी कवाच बंद झालोय. तू हाक मारायची थांब."

"मग तुम्ही आहात हे मला कसं कळणार?"

"कळायचं नाही." ते हे मऊपणाने म्हणतात, म्हणून जास्त लागतं. "मी नाही, वैजू. दिवसाला दोनशे अठ्ठ्याऐंशी वेळा मला खोटं बोलायला लावतीस. नोकरीत कधी बोललो नाही एवढं."

ती तोंडात पदर कोंबते. भिंतीतली जनावरं गप्प होतात.

"हॉस्पिटलात तुम्हाला काही सांगायचं होतं का?" ती शेवटी विचारते. तीन वर्षं हा प्रश्न तिच्याजवळच होता.

"सांगायचं असं काही नव्हतं गं. बसली असतीस तर काहीबाही बोललो असतो." अण्णांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू येतं, आणि त्या लाल डोळ्यांच्या खाली ते हसू भीतिदायकही दिसतं आणि त्यांचंच दिसतं. "तो आपला घाटाखालचा डॉक्टर. त्यानं अंधारात म्हैस समजून रेड्याला तपासायला घेतलं, ते सांगितलंय का तुला?"

"नाही!"

"मग ऐक. पाऊस असा कोसळत होता. कंदील विझलेला. हा गडी बाह्या सारून आत शिरला, आणि मालक बाहेरनं वरडतोय, अहो डॉक्टर, तो..."

टकटक.

मान वळते. हसू अर्ध्यावर राहतं. अण्णा उठू लागतात.

"नाही, बसा!" ती त्यांच्या मनगटाशी शर्टाची बाही पकडते. "गोष्ट पुरी करा. पुढे काय झालं?"

"सोड. हाक आलीय."

"माझीच आहे ना? मीच सांगते, जाऊ नका!"

"तुझी आहे म्हणून तर जावं लागतंय," अण्णा म्हणतात. ते ओढतात तेव्हा त्यांच्यात अण्णांचं काही नाही, नुसता जोर आहे, दाराकडे खेचणारा. कॅनची झाकणं थडथडतात. दार उघडतं आणि दारात तिचाच चेहरा आहे, विचारतोय, आहात ना, आहात ना. अण्णांचं तोंड उघडतं. ती सगळ्या अंगाचा भार टाकून बाहीला लोंबकळते, आणि काहीतरी तुटतं.

पंखा घूं घूं करतो आहे.

मशीन रूम. एसी. मानेला रग लागली आहे आणि गालावर पाणी आहे. पडद्यावर दोन वाजून छप्पन्न मिनिटं. पुढची तपासणी तीनला.

उजवा हात बधिर झाला आहे. मूठ आवळलेली आहे आणि उघडत नाही. ती दोनदा झटकते, मग नाद सोडते. डाव्या हाताने एकेक अक्षर शोधत ती टाइप करू लागते. मशीनच्या कामांचं वेळापत्रक उघडताना पहिल्यांदा चुकते. दुसऱ्यांदा चुकते. स्वतःला एक इरसाल शिवी घालते. तिसऱ्यांदा उघडतं. तिची ओळ तिथे आहे, दर पाच मिनिटांनी, तिच्याच नावाने. दोन अठ्ठावन्न. ओळ काढून टाकताना तिचं बोट क्षणभर अडतं, कारण यानंतर तिला खरंच काही कळणार नाही. मग ती ओळ काढते आणि फाइल साठवते.

तीन वाजतात. ती लिसनरच्या नोंदीकडे बघत राहते. तीन वाजून एक मिनिट. दोन मिनिटं. शेवटची हाक, सात मिनिटांपूर्वी. एवढा मोठा आकडा तिथे तिने कधी बघितला नव्हता.

ती डाव्या हातानेच फोन उचलते.

"साहेब, मशीन बंद करा. वर्दळ नाही आता."

"होती ती कुणाची होती, लागला का पत्ता?"

"माझीच होती," वैजयंती म्हणते आणि फोन ठेवते.

ती लगेच उठत नाही. कामं पडली आहेत, पण ती मशीनसमोर बसून राहते, काही न विचारता. बसल्या बसल्या हाताला मुंग्या येतात, बोटं सैल पडतात आणि मूठ आपोआप उघडते. तळहातावर शर्टाच्या बाहीचं एक पांढरं बटण आहे. चारही भोकांत तुटलेला दोरा आहे. एसीच्या त्या गारठ्यातही बटण कोमट लागतं, आणि ती बघत असतानाच ते हळूहळू गार होत जातं.