मास्तरांनी नाकारलेली भाकर

दानिएल मास्तरांना जाऊन सहा आठवडे झाले. जाण्याच्या आदल्या दिवशी चर्चचे पाळक प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला घेऊन त्यांच्या घरी आले होते. मी खाटेवर त्यांच्या पायाशी बसलो होतो. मास्तरांनी माझ्याकडे बोट केलं. "याला देणार का?" पाळकांनी भाकर मास्तरांच्याच तोंडापुढं धरली. मास्तरांनी ओठ घट्ट मिटून घेतले. त्यांच्या पत्नी शांताकाकू काकुळतीला आल्या, "आवो, घ्या की... शेवटचं हाय." नाही घेतलं. मला मास्तरांचा रागच आला.

परभणीच्या आमच्या छोट्या चर्चमध्ये मी लहानपणापासून पेटी वाजवायचो. शिकवली मास्तरांनीच. तीन वर्षांपूर्वी सेलूचं स्थळ आलं तेव्हा आईला सांगून टाकलं, मला पुरुष आवडतात, कुणाच्या पोरीचं वाटोळं करणार नाही. आई घाबरली आणि पाळकांकडे गेली. पुढच्या रविवारी त्यांनी बायबलचं नवं भाषांतर उघडलं. देवाच्या राज्याला मुकणाऱ्यांची यादी वाचता वाचता एका शब्दावर थांबले, समलिंगी, आणि माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसापासून पेटी गेली. भाकरीचं ताटही माझ्यासमोरून तसंच पुढं जाऊ लागलं.

त्या रविवारी मास्तर परगावी होते, संध्याकाळी धीर द्यायला घरी आले. माझ्याकडून तो शब्द ऐकला आणि उंबऱ्यावरच बसले. "तो शब्द माझा हाय," म्हणाले.

निवृत्तीनंतर ते भाषांतराचे कच्चे मसुदे तपासायचे. गावात जाऊन उतारा वाचायचा, वही मिटायची आणि ऐकणाऱ्याला विचारायचं, सांगा, काय समजलं? झरीची एक म्हातारी या यादीत अडली. जुन्या भाषांतरातला शब्द जडजंबाल होता. "मास्तर, सोपं करा की." त्यांनी पेपरातला शब्द घातला. म्हातारीनं न अडखळता सांगितलं, मास्तरांनी खुशीत बरोबरची खूण केली. उंबऱ्यावर बसून हे सांगत म्हणाले, "मूळ शब्दाचा अर्थ काय, यावर पंडितांचं बी एकमत न्हाई रं. जुन्यात निदान एक कृत्य व्हतं. मी तिथं अख्खा मानूस बसवला."

पुढच्या रविवारी भाकर मोडायच्या आधी ते उभे राहिले आणि हे सगळ्यांसमोर सांगितलं. मी मान वर केली नाही. त्यांनी बसावं असंच वाटत होतं.

"म्हंजे शास्त्र खोटं म्हनता का?" एका वडीलधाऱ्यानं विचारलं.

"शास्त्र न्हाई. मी घाई केली. माझ्या घाईपायी या पोराला उपाशी ठेवू नका."

पाळक म्हणाले, "सर, छापून आलंय आता."

मास्तर येऊन माझ्याशेजारी शेवटच्या बाकावर बसले आणि ताट न घेता पुढं दिलं. अखेरपर्यंत तेच. भाषांतर समितीला पत्रं लिहिली. उत्तर आलं, पुढच्या आवृत्तीत विचार करू. मी म्हणायचो, माझ्यापायी कशाला? "तुझ्यापायी न्हाई, माझ्यापायी," एवढंच म्हणायचे.

काकूंनी त्यांचा मसुदा मला दिलाय. त्या ओळीवर पेन्सिलीनं लिहून, खोडून, पुन्हा लिहून कागद पार विरलाय. मनासारखा शब्द त्यांना सापडला नाही. दर रविवारी तो मसुदा मी बाकावर त्यांच्या जागेवर ठेवतो.

मागच्या रविवारी आई बायकांच्या बाजूनं उठून आली. तिला वाचता येत नाही. मसुदा उचलून तिनं मांडीवर घेतला आणि त्या जागेवर बसली... ताट आलं. तिनं ते न घेता पुढं दिलं.