गव्हाणीतलं विमान

दुसऱ्या महायुद्धात पातूरजवळ कोसळलेल्या विमानाची जागा मी साठच्या दशकात शोधत होतो. शाळेपासूनच्या शेतकरी मित्रानं शपथेवर एक टेकडी दाखवली. विमान तिथंच पडलं, अशी बातमी मी अकोल्याच्या वर्तमानपत्रात माझ्या नावानं छापली.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या गोठ्यात गेलो. बैलांच्या गव्हाणीला आतून विमानाचा पत्रा ठोकलेला होता, रिव्हेटांच्या रांगांसकट. विमान त्याच्याच वावरात पडलं होतं.

"मले काहून फसवलं बे?"

"तुले सांगतलं असतं तं तू छापलं असतं, अन् सरकारी माल म्हनून पोलिसायनं पत्रा नेला असता. दोस्त हायेस, पण पेपरवाला बी हायेस ना!" हसत त्यानं बैलांपुढे सरकीची ढेप टाकली.

खुलासा छापला असता तर पोलीस त्याच्या दारात गेले असते. चुकीची बातमी माझ्या नावावर तशीच राहिली. त्याच्या घरी मी पुन्हा गेलो नाही.