राजाच्या जागेवरचं चर्च आणि पप्पांची बस

आमच्या वाडीतल्या विहिरीचं पाणी खारट झालं आणि वसईतल्या आमच्या घराचं सगळंच बिनसलं. केळी उभ्या उभ्या पिवळी पडली, पानवेल जळाली. आई दुसऱ्यांच्या वाड्यांत निंदणीला जायला लागली. घरात बोंबील असले तर तेल नसायचं, आणि तेल असलं तर त्यात टाकायला काही नसायचं. पप्पा सातवी शिकलेले. ते बहारीनला गेले, सित्राच्या एका कारखान्यात फिटरचे हेल्पर म्हणून, आणि तिथेच त्यांचे केस पिकले. त्या पगारावर मी बी.एस्सी. झाले. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी कुणालाही सांगते, न विचारताही.

पप्पा कायमचे घरी परतल्यावर काही वर्षांनी मला बहारीनमध्येच, राजधानी मनामातल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी लागली. गेल्या हिवाळ्यात मी त्यांना व्हिजिट व्हिसावर बोलावलं, ते एका चर्चसाठी. मनामात इथल्या राजाने दिलेल्या जागेवर बांधलेलं जुनं चर्च आहे. मुसलमान राजाने आपल्याला जागा दिली, हे पप्पा सुट्टीवर आले की गावभर सांगायचे. पण आतून कसं आहे विचारलं की म्हणायचे, "चांगलं आहे. मोठं आहे."

खरं तर त्यांनी ते आतून धड पाहिलंच नव्हतं. शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, कंपनीची बस कामगारांना चर्चपाशी सोडायची आणि ठरल्या वेळी निघायची, मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपो न संपो. म्हणून सित्रावाले आवारातच, फाटकाजवळ उभे राहायचे. प्रवचन लाउडस्पीकरवर ऐकायचे, फादर बाहेर येऊन कम्युनियन, म्हणजे पवित्र भाकर, द्यायचे ते घ्यायचे आणि हॉर्न वाजला की पळायचे.

मला पप्पांना आत बसवायचं होतं, अख्खी मिस्सा होईपर्यंत. त्यांचे गुडघे गेलेत. पुन्हा विमानात बसतील असं काही वाटत नव्हतं.

पहिल्या शुक्रवारी आम्ही आत बसलो. प्रवचन सुरू झालं आणि पप्पा उठून गेले. मी मागोमाग बाहेर आले, तर फाटकाजवळ भिंतीला टेकून उभे.

"पप्पा, आता कुठली बस?"

"कळतंय गो. पण जीव थाऱ्यावर राहत नाही. तू जा आत."

पुढचा शुक्रवार पप्पांच्या मुक्कामातला शेवटचा होता. त्या दिवशी त्यांच्या त्या कंपनीच्या बसचे जुने ड्रायव्हर आम्हाला न्यायला आले. रत्नागिरीचे चाचा, अजून इथेच आहेत, एका दुकानाची गाडी चालवतात.

"काय वसईकर, गेल्या शुक्रवारी पळालास म्हणे?"

"तुझा हॉर्न अजून कानात वाजतो."

"अरे, हॉर्नच्या आधीच तू सीटवर असायचास. बाकीच्यांना ओढून आणायला लागायचं."

"एकदा टाकून गेला होतास मला. भर उन्हाळ्यात सित्रापर्यंत चालत गेलो."

"सुपरवायझर शेजारी बसला होता रे. मी काय करणार?"

"तुला कोण काय बोलतंय? आपलं सांगितलं."

हे मला नवीन होतं. पप्पांनी घरी कधी सांगितलं नव्हतं. चर्च आलं. फाटकाशी गाडी लावून चाचांनी चावी काढली आणि पप्पांच्या शर्टाच्या खिशात टाकली.

"घे. आता तू आल्याशिवाय गाडी हलत नाही. मी समोर चहा पितो. यल्ला, जा आत."

"आणि लघवीला आलो तर?"

"तर परत जा."

आम्ही पुढच्या बाकावर बसलो. पप्पा वेदीकडे बघत राहिले. "एवढी फुलं इथे कुठून आणतात?" त्यांनी हळूच विचारलं. प्रवचनाच्या मध्यावर बाहेर रस्त्यावर कुणीतरी हॉर्न दिला. पप्पा अर्धे उठले. हात खिशावर गेला. ते पुन्हा खाली बसले आणि त्यांनी दुखरा पाय लांब केला.

कम्युनियनला ते माझ्यापुढे रांगेत चालले, वेदीपर्यंत. शेवटचं गाणं संपलं, लोक निघाले, तरी पप्पा बसलेलेच.

"संपलं?"

"हो पप्पा, खलास."

"बरं. बसू थोडं."

इतकी वर्षं बहारीनमध्ये काढलेल्या माझ्या वडिलांनी त्या दिवशी पहिल्यांदा, त्या चर्चच्या आत बाकावर बसून, अख्खी मिस्सा ऐकली.