चुकीचं हँडल

माझी आई दोनदा गेली. पहिल्यांदा आजारानं, दुसऱ्यांदा माझ्या प्रोग्राममुळं.

मी पुण्यात प्रोग्रामर आहे. माझे वडील, आबा, कसबा बावड्याला एकटेच असतात. दिवाळीत गेले, तर ते कॉम्प्युटरच्या पडद्याला नाक लावून पेपर वाचत बसलेले.

"अक्षरं मोठी करू का, आबा?"

"वाचतोय की. कशाला हात लावतीस?"

ऐकायला हवं होतं. हे काम एका बटणाचं. पण मी शिकलेली, मी प्रोग्राम लिहिला. कोडमधून सेटिंग बदलायचं तर आधी कॉम्प्युटरकडं त्याचं हँडल मागावं लागतं. कढईचा कान धरावा तसं ते धरायचं आणि आतलं बदलायचं. मी दोन मागितली : अक्षरांचं आणि (कॉम्प्युटरची घंटीही जरा मोठी व्हावी, ही माझी हौस) आवाजांचं. अक्षरांचं जुनं सेटिंग पुसायचं होतं. हातात आवाजांचं हँडल होतं. तेच पुसलं.

कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. अक्षरं होती तेवढीच. आबा मात्र मान कलती करून बसले.

"बोलली न्हाई."

"कोण?"

"तुझी आई."

तेव्हा कळलं. आईनं एकदा गमतीनं माइकवर म्हटलं होतं, "अवो, आधी च्या घ्या, मग बसा त्येच्याम्होरं." आबांनी ते शेजारच्या मास्तरांकडून कॉम्प्युटर सुरू होतानाच्या आवाजाच्या जागी लावून घेतलं होतं. रोज सकाळी ऐकत होते. मला सांगितलं नव्हतं. (मी विचारलं तरी कुठं होतं!)

"फाईल असेल की, परत लावते," मी म्हणाले.

शोधली. मग आठवलं, सकाळी मशीन हलकं व्हावं म्हणून मी कचरा काढला होता. त्यात 'नवीन तीन' नावाची चार सेकंदांची फाईल होती. न ऐकताच काढली. कचऱ्याची टोपलीही रिकामी केली, स्वच्छतेची आवड म्हणून. तिथल्याच मंगळवार पेठेतल्या दुरुस्तीवाल्यानं दोन दिवस मशीन ठेवून घेतलं आणि मान हलवली, "ताई, न्हाई निघत."

परत येताना मी रिक्षात रडले. घराजवळ आल्यावर आबा म्हणाले, "असू दे. मला पाठ हाय."

ते ऐकून जास्तच रडू आलं. आबांना म्हटलं, आता रोज सकाळी सातला मीच फोन करीन, आईच्या जागी.

पुण्याला परतल्यावर पहिल्याच सकाळी फोन वाजला. आबांचा.

"ऊठ की बाई, आठ वाजलं. मला फोन करायचा हाय न्हवं तुला?"